आठ वॅटचा म्हातारा

१०० टक्के. चार्जर लावलेला.

"मुलाखतीचं तू बघ. विजेचं माझ्यावर सोड!"

सुखदेवराव खोब्रागडे यांनी हे वाक्य शुक्रवारी संध्याकाळी, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, सोफ्यावर मांडी घालून उच्चारलं. उच्चारताना छातीवर हात ठेवला. हे वाक्य त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि आपण सगळे आपापल्या कामाला लागलो असतो. पण वीजबचतीच्या सरकारी खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस विजेबद्दलचं वाक्य मागे घेत नाही!

वीजबचत ही सुखदेवरावांची नोकरी नव्हती, प्रकृती होती. काहींना पित्त असतं, तसं. ते खोलीतून बाहेर पडले की खोली अंधारात जायची, मग आत माणसं असोत वा नसोत. त्यांच्या पत्नी मीराबाई गेली सव्वीस वर्षं अर्धी अंघोळ काळोखात करत आल्या होत्या. जिन्यात कुणी दिवसाउजेडी दिवा चालू ठेवला, तर सुखदेवराव अनवाणी चार मजले चढून तो बंद करून येत. परत येताना दम लागलेला असे, पण चेहऱ्यावर तेज असे.

त्यांची मुलगी उन्नती. वय बावीस. तिने आठ महिने खपून एकटीने एक गेम बनवला होता. नाव 'चौथा मजला'. सरकारी क्वार्टरचा जिना. मफलर गुंडाळलेला एक म्हातारा तो जिना चढतो. प्रत्येक मजल्यावर लोकांनी दिवे, पंखे, टीव्ही चालू ठेवलेले. ते सगळे बंद करत करत त्याने गच्ची गाठायची. कोपऱ्यात विजेचा मीटर पळतोय. मीटर लाल झाला की खेळ खलास!

"हा खडूस कोण गं?" सुखदेवरावांनी गेम पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं होतं.

"असाच एक," उन्नती म्हणाली.

स्वयंपाकघरात मीराबाईंना अचानक खोकला आला.

आता मुद्द्याचं. उद्या, शनिवारी अकरा वाजता, द्वारकेतल्या एका छोट्या गेम स्टुडिओत उन्नतीला हा गेम दाखवायचा होता. जागा एकच. आठ महिन्यांत बाकी सगळीकडून 'कळवू' आलं होतं आणि कुणीही काही कळवलं नव्हतं. बापलेकीत करार झाला होता : उद्या जमलं तर जमलं. नाही जमलं तर सोमवारी बँक-परीक्षेच्या क्लासचा फॉर्म भरायचा. फॉर्म फ्रीजवर चुंबकाखाली लटकत होता. उन्नती पाणी प्यायला गेली की तो तिच्याकडे बघायचा.

९८ टक्के. चार्जर काढलेला. लावलेला. परत काढलेला.

गेम ज्यावर दाखवायचा, ते यंत्र उन्नतीने नेहरू प्लेसमधून सेकंडहँड आणलं होतं. अख्खा कॉम्प्युटर, पण हातात मावणारा. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. लांबून पाहिलं तर ताट धरल्यासारखं वाटायचं.

"याची वीज मी आज तपासतो," सुखदेवराव म्हणाले.

"पप्पा, काही तपासायचं नाहीये. मी चार्जर लावूनच दाखवणार. सगळा गेम चार्जर लावूनच बनवलाय."

"आणि नाही लावला तर?"

"तर ते स्वतःच हळू होतं. बॅटरी पुरावी म्हणून कमी वीज घेतं. सगळीच अशी असतात, यार."

"स्वतःहून कमी घेतं?" सुखदेवरावांचे डोळे पाणावले. सत्तावन्न वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी आपलं माणूस भेटलं होतं!

त्यांनी चष्मा चढवला, कार्यालयाचा कागद घेतला आणि तासाभराने पुढील मजकूर तयार झाला.

*विषय : हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरचा वीजवापर.*
*१. चार्जर लावला असता यंत्र तीस वॅट घेते. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे. म्हातारा पळतो. आतला पंखा विमान उडाल्यासारखा ओरडतो.*
*२. चार्जर काढला असता पंधरा वॅट. सेकंदाला चाळीस चित्रे. म्हातारा चालतो. पंखा शांत.*
*३. म्हातारा तोच. जिना तोच. मग वरचे पंधरा वॅट गेले कुठे?*
*४. निर्णयार्थ सादर.*

घरात वरिष्ठ कुणी नसल्यामुळे (मीराबाईंनी 'मला भाजी निवडायचीय' असं सांगून फाइल परत पाठवली) खाली त्यांनी स्वतःच लिहिलं : *मंजूर. सु. खो.*

काय मंजूर, हे त्यात नव्हतं. ते त्यांच्या पोटात होतं.

शनिवार, सकाळ. १०० टक्के.

उन्नती अंघोळीला गेली. बाथरूमचा दिवा चालू होता, तरी सुखदेवरावांनी त्याकडे दुर्लक्ष केलं. यावरून त्यांचं मन किती गुंतलं होतं ते समजावं.

यंत्राच्या सेटिंगमध्ये वीज कमीजास्त करायची एक पट्टी होती. वरचं टोक तीस, खालचं टोक पाच. सुखदेवरावांनी चार्जरसाठीची पट्टी धरली आणि खाली ओढायला सुरुवात केली. पंचवीस. वीस. पंधरा. प्रत्येक आकड्याला त्यांच्या अंगावर थंडगार वारा येत होता. दहा. पाचावर जावंसं फार वाटलं, पण मुलीचं काम होतं, हात आखडता घ्यायला नको म्हणून उदार मनाने आठवर थांबले. मग बॅटरीसाठीची पट्टीही आठवर आणली. दुजाभाव नको!

यंत्र म्हणालं : बॅटरी सहा तास पुरेल. मघाशी तीन तास म्हणत होतं.

सुखदेवरावांनी गेम उघडूनही पाहिला. बेजबाबदार माणूस नव्हे तो! पहिलं पान व्यवस्थित आलं. नाव झळकलं, संगीत वाजलं. दरवाजा उघडतोय म्हणजे घर ठीकच असणार, असं समजून त्यांनी गेम बंद केला. मग एसी-फ्रीजवर असतं तसं ताऱ्यांचं लेबल पांढऱ्या कागदावर काढलं, पाचही तारे लाल पेनाने भरले आणि यंत्राच्या पाठीवर चिकटवलं. पोरगी बघेल तेव्हा बघेल. बापाचं गुपचूप दान!

"अहो, काय करताय तिथे?" मीराबाईंनी विचारलं.

"काही नाही. आशीर्वाद दिला."

मीराबाईंनी डबा भरला. अर्धा डबा सांबारवड्या, वर चटणी. "पोरगी पहिल्यांदा चाललीये, रिकाम्या हाताने कशी जाणार?"

"आई, मुलाखत आहे! केळवण नाही!"

"मुलाखत घेणाऱ्यांना पोट नसतं का?"

मेट्रोत. १०० टक्के. अजूनही १००!

राजीव चौकला गाडी बदलून दोघं निळ्या लाइनवर बसली. म्हणजे उन्नती बसली, सुखदेवराव यंत्राच्या बॅगेवर हात ठेवून उभे राहिले.

"पप्पा, द्या ना. एकदा खेळून बघते."

"नको. बॅटरी वाचव."

"तिथे चार्जर लावणारच आहे!"

"म्हणून वाटेत उधळायची?"

उन्नतीने खिडकीकडे तोंड केलं. तिने तेव्हा हट्टाने बॅग ओढून घेतली असती तर! पण दिल्लीत वाढलेली मुलगी बापाशी मेट्रोत भांडत नाही. डब्यातली चाळीस माणसं न्याय द्यायला तयारच असतात.

९९ टक्के. स्टुडिओ.

स्टुडिओ म्हणजे द्वारकेतल्या एका सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तनया प्रधान या त्याच्या प्रमुख. पस्तिशीच्या, केस आखूड. घरी मराठी, बाहेर हिंदी, कामात इंग्रजी, आणि घाईत तिन्ही.

"अरे वा, आप मराठी! या ना काका. बसा. अच्छा, तू उन्नती? ऑल सेट?"

सुखदेवराव बसले नाहीत. त्यांना बसवेना! आठ पोरं आठ पडद्यांसमोर. खिडक्यांचे जाड पडदे ओढलेले, बाहेर मे महिन्याचं ऊन फुकट वाया जातंय आणि आत चौदा दिवे चालू. तीन एसी, तिन्ही अठरावर. आणि सगळ्यात पुढे बसलेल्या अंशुमन नावाच्या मुलाने अंगात स्वेटर घातलेला!

एसी अठरावर, आणि अंगात स्वेटर! सुखदेवरावांना घेरी आली. त्यांनी भिंतीला हात टेकला. हात नेमका खटक्यांच्या पॅनेलवर पडला. त्यांनी तो मोठ्या कष्टाने काढून घेतला. आज नाही, सुखदेव. आज पोरीचा दिवस आहे.

उन्नतीने चार्जर लावला. हिरवा ठिपका लागला. गेम उघडला. पहिलं पान आलं, संगीत वाजलं, तनया मॅडम म्हणाल्या, "नाइस!" आणि म्हातारा जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिला.

उन्नतीने बटण दाबलं.

म्हाताऱ्याने

उजवा

पाय

उचलला.



"लोड होतंय का?" तनया मॅडमनी विचारलं.

"नाही... म्हणजे... पळतो तो, मॅम. घरी पळतो."

म्हाताऱ्याने पाय खाली ठेवला. त्याला बहुधा विचार करायचा होता. कोपऱ्यातला मीटर मात्र घड्याळाबरहुकूम गरगर फिरत होता. पहिल्या मजल्यावरचा पंखा बंद करायला म्हाताऱ्याने हात वर नेला, तो एखाद्या मंत्र्याने उद्घाटनाची फीत कापायला न्यावा इतक्या सावकाश. दुसऱ्या मजल्याच्या अलीकडेच मीटर लाल झाला. खेळ खलास.

"आजोबांचा गुडघा गेलाय काय?" अंशुमन स्वेटरातून म्हणाला. दोघंतिघं हसली.

उन्नतीचे कान लाल झाले. तिने चार्जर काढून परत लावला. यंत्र बंद करून चालू केलं. दुसऱ्या सॉकेटला लावलं. म्हातारा आपल्या मतावर ठाम होता.

"इट्स ओके," तनया मॅडम म्हणाल्या. 'इट्स ओके' हे त्यांनी 'कळवू'च्या चालीवर म्हटलं, आणि ते उन्नतीला ऐकू आलं. फ्रीजवरचा फॉर्म लक्ष्मीबाई नगरातून इथपर्यंत येऊन तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागला.

तिने बापाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. पाच वर्षांची असताना फुगा उडून गेला तेव्हा पाहिलं होतं, तसं.

आणि सुखदेवरावांच्या मेंदूत लख्ख उजेड पडला. चुकीच्या खोलीत, पण लख्ख!

व्होल्टेज!

अर्थात! तीन एसी, चौदा दिवे, चहाची किटली. एवढी सगळी भुतं वीज ओढत असल्यावर बिचाऱ्या चार्जरला काय उरणार? त्या आठच्या आकड्याचा आणि म्हाताऱ्याच्या गुडघ्याचा काही संबंध असेल, ही शंका त्यांना शिवलीसुद्धा नाही. चौतीस वर्षांत त्यांनी वाचवलेल्या विजेमुळे कुणाचं काही अडलं, असं त्यांना आजवर कुणीच लेखी कळवलं नव्हतं.

९९ टक्के. सुखदेवराव कामाला लागतात.

किटली. खट्.

पॅसेजचे चार दिवे. खट्, खट्, खट्, खट्.

"म्हातारा?"

"तसाच आहे, पप्पा. तुम्ही कुठे आहात?"

बाथरूमचा गीझर. मे महिन्यात गीझर! खट्.

मागच्या खोलीतला एसी. खट्.

"आता?"

"नाही! पप्पा, प्लीज, बसा ना!"

दाराजवळ एक पांढरी पेटी होती. आत काळे खटके एका रांगेत, एकावरही नाव नाही. हे तर सुखदेवरावांचं माहेर! डावीकडून तिसरा म्हणजे पुढच्या खोलीचा एसी, असा चौतीस वर्षांच्या अनुभवाने त्यांनी अंदाज बांधला. तो घट्ट होता. त्यांनी जोर लावला.

खटाक्!



(इथे मथळा होता. दिसत नाहीये.)

"अरे!"

"लाइट गयी?"

"सामनेवाले ब्लॉक में तो है!"

"माझं झाड! मी त्या झाडाची पानं काढत होतो! अर्धा तास!" हा अंशुमन.

"सेव्ह केलं नव्हतंस?"

"खोड केलं होतं!"

"यूपीएस का नाही चालला?"

"मॅम, तो कालच रिपेअरला गेला ना."

"कोणी काही दाबलं का?" हा तनया मॅडमचा आवाज.



"काका?"

"हो," अंधारातून सुखदेवराव म्हणाले. "तो मुख्य खटका होता, असं आता दिसतंय."

"ठीक आहे. वर करा परत."

"केला असता."

"मग?"

"तो माझ्या हातात आहे."

अंशुमनने मोबाइलचा दिवा लावला. सुखदेवरावांच्या तळहातावर खटक्याचा काळा दांडा होता, नुकत्याच पडलेल्या दुधाच्या दातासारखा. पेटीत त्याच्या जागी भोक होतं.

सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला फोन गेला. तो म्हणाला, "बस, दस मिनट." दिल्लीत ज्यांनी घर केलंय त्यांना या दहा मिनिटांची लांबी सांगायला नको.

उन्नती खुर्चीत तशीच बसून राहिली. तिला रडूही येत नव्हतं. बँकेच्या परीक्षेत गणिताचे किती मार्क असतात, हे ती आठवत होती.

९७ टक्के. चार्जर लावलेला, पण भिंतच मेलेली.

आता चित्र असं. फ्लॅटमध्ये मिट्ट काळोख. आठ मोठे कॉम्प्युटर मेलेले. पडदे उघडावे तर मे महिन्याचं ऊन आणि एसी बंद, म्हणून कुणी उघडत नव्हतं. आणि त्या काळोखात एकच पडदा उजळलेला. त्यावर मफलरवाला म्हातारा, पुढचा हुकूम येईपर्यंत पायथ्याशी उभा.

काहीच करायला नसलं की माणूस काहीही करतो.

"दे इकडे," अंशुमन म्हणाला. "आजोबांना निदान दुसऱ्या मजल्यावर तरी पोचवतो."

नाही पोचवू शकला.

"हट यार, तुला जमत नाही. मला दे!" शेजारची मुलगी म्हणाली.

तिलाही नाही जमलं.

"आधी पंखा नको ना! आधी टीव्ही! टीव्ही जास्त मीटर खातो!"

"पण मग परत खाली उतरावं लागतं!"

"उतर! दिवा सोडून दे!"

"पहिल्या मजल्याचा दिवा सोडायचाच नाही, मेरी मानो!"

पाच मिनिटांनी आठही जण त्या ताटाएवढ्या उजेडाभोवती गोल करून बसले होते, होळीभोवती बसावं तसे. सुखदेवराव दाराशी उभे होते, मुठीत दांडा. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी डबा उघडला. सांबारवडीचा वास काळोखात पसरला. मग कुणी कुणाला न विचारता हात पुढे आले.

"काका, हे काय आहे?"

"सांबारवडी. आमच्या नागपूरची. आत कोथिंबीर."

"सुपर्ब! ए, दुसरा मजला! दुसरा मजला झाला!"

जल्लोष! शेजारच्या फ्लॅटचं दार उघडून कुणीतरी विचारून गेलं, मॅच आहे का.

८५ टक्के. दहा मिनिटं. म्हणजे पन्नास.

"एक मिनिट," अंशुमन म्हणाला. "हे अजून पंच्याऐंशी कसं? माझं यंत्र बॅटरीवर तासाभरात झोपतं."

उन्नतीने मान वर केली. हे खरंच विचित्र होतं! तिने यंत्र हातात घेतलं आणि सेटिंग उघडलं. वीज : आठ. चार्जरवर : आठ. तिने यंत्र उलटं केलं. पाठीवर कागद. कागदावर पाच तारे. लाल पेन.

"पप्पा."

"हं?"

"पप्पा!"

सुखदेवरावांनी छताकडे पाहिलं. छताला पंखा होता. तो बंद होता. त्यांना त्यातही आता आनंद वाटेना.

"मला वाटलं, तुला बॅटरी पुरेल," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं... बाकी कशात मी तुझ्या उपयोगाचा नाही. तेवढं एक येतं मला."

हे ऐकल्यावर ओरडायचं कसं? उन्नती तनया मॅडमकडे वळली. पटकन बोलून टाकलं, गोळी गिळतात तसं.

"मॅम, हा गेम इतका अवघड नाहीये. पप्पांनी वीज कमी केली, म्हणून तो रांगतोय. पण खरी चूक माझी आहे. मी म्हाताऱ्याचा वेग पडद्यावरच्या चित्रांना बांधलाय. चित्रं कमी झाली की तो हळू होतो, मीटर मात्र घड्याळावर चालतो. मी कायम चार्जर लावून बनवला, त्यामुळे मला दिसलंच नाही. थांबा, दाखवते."

भिंत मेलेली होती, तरी बॅटरीवर जमेल तेवढी पट्टी तिने वर ओढली. पंखा ओरडला. म्हातारा सुटला! तीन उड्यांत पहिला मजला, खट् खट् दुसरा, मफलर उडवत तिसरा, आणि चौथ्यावरून थेट गच्चीत. मीटर अजून हिरवाच.



"हे तर एकदमच सोपं झालं," अंशुमन नाराज होऊन म्हणाला. "आठवर कर परत."

"हां, आठवर कर!"

"मी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचले होते यार!"

तनया मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी उन्नतीला विचारलं, "लोक या यंत्रावर कुठे खेळतात?"

"मेट्रोत. बेडवर. बसमध्ये."

"भिंतीला बांधून?"

"नाही, मॅम."

"हं. आमच्या मागच्या दोन गेमना हीच कंप्लेंट आली होती. चार्जरवर वेगळा, बॅटरीवर वेगळा. आमच्यातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आम्ही पण सगळे भिंतीला बांधलेले. तुला कळलं, आणि तू सांगितलंस. चाळीस लोक आले इथे, 'घरी चालत होतं' म्हणून निघून गेले."

त्या पुढे काही बोलणार, तेवढ्यात इलेक्ट्रिशियनने दाराशी काहीतरी जोडलं आणि...

८३ टक्के. उजेड!

चौदा दिवे, तीन एसी, आठ पडदे, सगळं एकदम जिवंत झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अंशुमनचं झाड परत आलं, चक्क पानांसकट. कॉम्प्युटरने आपणहून जपून ठेवलं होतं.

आणि सुखदेवराव?

मीटिंगची खोली रिकामी होती. आत दिवा लागला होता. सुखदेवराव निघाले. त्यांनी ठरवलं नव्हतं, पाय निघाले. पाठीत किंचित वाकून, एक हात गुडघ्यावर, दुसरा हात पुढे, मान तिरकी करून मीटिंगच्या खोलीपर्यंत गेले, आणि खट्.

वळले तर सगळा स्टुडिओ त्यांच्याकडे बघत होता.

तनया मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. म्हातारा पाठीत वाकून, एक हात गुडघ्यावर, दुसरा पुढे, मान तिरकी. मग सुखदेवरावांकडे पाहिलं. मग परत पडद्याकडे.

"अरे," त्या म्हणाल्या, "हे तर... काका आहेत!"

जो हशा उसळला, तो थांबेचना! इलेक्ट्रिशियनसुद्धा काही न समजता हसला. अंशुमन खुर्चीवरून घसरला, त्याने स्वेटर काढला, त्याला गरम व्हायला लागलं होतं.

सुखदेवराव पुढे आले. त्यांनी यंत्र हातात घेतलं. चष्मा कपाळावर सारून जवळून पाहिलं. मफलर चॉकलेटी, कडेला धागा निघालेला. मागच्या थंडीत तो त्यांच्याच गळ्यात होता. चष्म्याच्या काडीला दोरा. खिशात टेस्टर.

आठ महिने ही पोरगी बंद दाराआड बसून काय करत होती, ते त्यांना आत्ता कळलं.

"हा खडूस... मी?"

"असाच एक," उन्नती म्हणाली. आणि या वेळी तिला हसू आलं. ते हसू इतकं मोठं आलं, की डोळ्यांतूनही थोडं बाहेर पडलं.

"सोमवारी ये," तनया मॅडम म्हणाल्या. "पहिलं काम, म्हाताऱ्याला घड्याळावर चालव. चार्जर असो, नसो, माणूस तोच दिसला पाहिजे. दुसरं काम, आठ वॅटची ती अवघड लेव्हल ठेव. मुद्दाम. आणि काका..."

"मी भरून देतो तो खटका," सुखदेवराव घाईघाईने म्हणाले.

"ते राहू द्या. एसी कितीवर ठेवायचा असतो?"

"चोवीस!" सुखदेवराव म्हणाले. एवढ्या आनंदाने त्यांनी आयुष्यात दुसरा कुठला आकडा उच्चारला नव्हता.

५२ टक्के. परतीची मेट्रो.

या वेळी उन्नतीला यंत्र मागावं लागलं नाही. मागितलं असतं तरी मिळालं नसतं. सुखदेवराव खेळत होते.

"पप्पा, राजीव चौक. उतरायचंय."

"थांब. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी गीझर चालू ठेवलाय."

३ टक्के. घरी.

मीराबाईंनी सगळं दोनदा ऐकलं. दांड्याचा भाग तिसऱ्यांदा सांगायला लावला. मग फ्रीजवरचा फॉर्म काढून केराच्या डब्याजवळ नेला.

"अगं, टाकू नकोस!" सुखदेवराव ओरडले. "मागची बाजू कोरी आहे!"

त्यांनी तो घेतला, टेबलाशी बसले आणि मागच्या बाजूला लिहिलं :

*विषय : तोच. पुढे चालू.*
*१. चार्जरवर म्हातारा उगाच तरुण दिसतो. बॅटरीवर आहे तसा दिसतो.*
*२. कमी विजेने काम होते. मात्र ज्याचे काम आहे त्याला आधी विचारावे.*
*३. पोरीला नोकरी लागली.*
*४. मंजूर.*

सही केली. कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. यंत्राची बॅटरी संपत आली होती, म्हणून मागच्या खोलीत जाऊन त्यांनी मुलीसाठी आपल्या हाताने चार्जर लावला. आणि विजेची पट्टी धरून, दात आवळून, पूर्ण तीसवर नेली! हा त्याग कुठल्याही वर्तमानपत्रात छापून यायला हवा होता.

मग अत्यंत समाधानाने ते उठले, आणि खोलीतून बाहेर पडताना सवयीने भिंतीवरून हात फिरवला.

खट्. खट्. खट्.

"अहो!" हा आवाज बाथरूममधून आला. मीराबाईंची अंघोळ अर्धी झाली होती.

"पप्पा!" हा मागच्या खोलीतून. "चार्जिंगचा खटका पण!"